बिनभट्टीची फाउंड्री आणि आमचं उद्यमबाग

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत स्टार्टअपवर पानभर मजकूर आला, बेळगावला मिनी सिलिकॉन व्हॅली करायची वगैरे. सोबत रिबन कापतानाचा फोटो. मी चष्मा लावून मोजलं, फोटोत ११ माणसं आणि त्यातलं एकही पस्तिशीच्या आतलं नाही, कात्रीचं ताट धरून उभी असलेली पोरगी सोडली तर. त्यावर दोन ओळी लिहायच्या म्हणून बसलो आणि पत्र लांबलं. जागा नसेल तर मधलं कापा, पण शेवटचं ठेवा, त्यात माझं काम आहे.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, आमची छोटी फाउंड्री आहे, वडिलांपासूनची. सीआय आणि एसजी, म्हणजे साधं बीड आणि चिवट बीड, दोन्ही ओततो, बराचसा माल हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि पंपाची कव्हरं. इंग्रजीत बँकेची पत्रं आणि कस्टमरच्या कंप्लेंट सोडून मी फारसं काय वाचत नाही. पण दोन वर्षामागं दिवाळीला पुतण्या बंगळूरहून आला आणि जाताना एक पुस्तक सोफ्यावर विसरून गेला. मागं लेखकाची माहिती बघितली तर हा माणूस फाउंड्री ग्रुपचा पार्टनर. मी म्हणलं चला, आपल्यातलाच निघाला की! अमेरिकेतला फाउंड्रीवाला लिहितोय म्हणजे वाळूचं, रिजेक्शनचं म्हणजे खराब निघालेल्या मालाचं काहीतरी असणार. चार पानं वाचल्यावर कळलं की ह्यांच्या फाउंड्रीत भट्टीच नाही. पैसे ओतणारी फाउंड्री ती, व्हेंचर कॅपिटल, नव्या कंपन्यात पैसे लावून हिस्सा घेणारी.

माणसाचं नाव ब्रॅड फेल्ड. शिकला एमआयटीत. १९८७ साली फेल्ड टेक्नॉलॉजीज म्हणून कंपनी काढली, लोकांना पाहिजे तसं सॉफ्टवेअर करून द्यायची, म्हणजे आपल्या भाषेत जॉब वर्कच. १९९३ ला ती विकली आणि १९९५ साली नवराबायको उठून कोलोरॅडोतल्या बोल्डर नावाच्या गावात राहायला गेले, धंदा तिथं होता म्हणून नव्हे, गाव आवडलं म्हणून. मग २००६ मध्ये आणखी तिघांबरोबर टेकस्टार्स सुरू केलं. त्यात नव्या पोरांना तीन महिने एका जागी बसवायचं, थोडे पैसे द्यायचे, बदल्यात थोडा हिस्सा घ्यायचा आणि गावातले जुने धंदेवाले आणून त्यांच्या शेजारी बसवायचे. त्या तिघातला एक जण, जेरेड पोलिस, पुढं कोलोरॅडोचा गव्हर्नर झाला. २००७ मध्ये ही बिनभट्टीची फाउंड्री निघाली, फिटबिट, झिंगा असल्या कंपन्यात त्यांचे पैसे होते. पुस्तकं बरीच आहेत, त्यातली दोन मी नीट वाचली, २०११ चं व्हेंचर डील्स, जे त्यानं जेसन मेंडेलसनबरोबर लिहिलंय, आणि २०१२ चं स्टार्टअप कम्युनिटीज. बायकोबरोबर मिळून धंदेवाल्याच्या संसारावर पण एक लिहिलंय, ते आमच्या मंडळींच्या हाती लागू दिलेलं नाही.

आता डील्सवाल्या पुस्तकाचं मला आश्चर्य का वाटलं ते सांगतो. हा माणूस पैसे लावणाऱ्यांच्या बाजूचा, आणि पुस्तक लिहिलंय पैसे घेणाऱ्यांसाठी, की बाबांनो आमच्या कागदात काय काय लिहिलेलं असतं आणि त्याचा खरा अर्थ काय. मार्केट यार्डातल्या अडत्यानं शेतकऱ्याला बाजूला घेऊन वजनकाट्याची खुबी शिकवावी तसलं हे. (त्याचाही त्यात फायदा आहेच म्हणा, शहाण्या माणसाबरोबर व्यवहार करताना कटकट कमी होते. पण तरी शिकवलं तर खरं.)

आणि ते शिकलेलं माझ्या घरातच उपयोगी पडलं. पुतण्याला एका फंडाकडून टर्म शीट, म्हणजे कुठल्या अटींवर पैसे लावणार त्याचा कागद, आली, कुठला फंड ते सांगत नाही, त्यांनी काय बेकायदेशीर केलं असंही नाही, त्यांचा धंदाच तसा. गणपतीच्या सुट्टीत तो घरी आला होता, रात्री जेवणं झाली, मध्ये कुंद्याचा बॉक्स, आणि पठ्ठ्या मोबाईलवर ते आठ पानी इंग्रजी दाखवतोय खुशीत, काका २ कोटी देतायत, फक्त २० टक्के घेऊन. मी पेन घेतलं आणि कुंद्याच्या बॉक्सच्या झाकणावरच मांडलं. समज उद्या कंपनी ४ कोटीला विकायची वेळ आली, त्यांना किती जाणार? तो म्हणाला २० टक्के, ८० लाख. म्हणलं नाही रे राजा. इथं लिक्विडेशन प्रेफरन्स एकपट लिहिलंय, म्हणजे आधी ते आपले २ कोटी उचलून बाजूला ठेवणार. पुढं पार्टिसिपेटिंग लिहिलंय, म्हणजे राहिलेल्या २ कोटीत पण परत २० टक्के, ४० लाख. त्यांचे झाले २ कोटी ४० लाख आणि तुम्हा बाकीच्या सगळ्यांचे मिळून १ कोटी ६० लाख. आणि त्या एकपटच्या जागी दुप्पट लिहिलेलं असतं तर चारच्या चार कोटी त्यांचे, तुम्ही रिकाम्या ताटावर हात धुवायचे.

पोरगं गप्प झालं. वैनी तिकडं ओटा पुसत होत्या, त्यांचं शिक्षण खानापुरात दहावीपर्यंत, त्या तिथूनच म्हणाल्या, म्हणजे जावयाला आधी वेगळं पान वाढायचं आणि जेवून झाल्यावर तो परत पंगतीत पण बसणार, होय? साहेब, त्या पुस्तकात एवढी पानं खर्च केलीत ह्या विषयावर पण ह्याच्यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही. पार्टिसिपेटिंग नसतं तर जावयाला दोन्हीतलं एक काय ते निवडावं लागतं, एक तर आपले घातलेले पैसे परत, नाहीतर हिश्श्याप्रमाणे, जे जास्त असेल ते. कंपनी ५० कोटीला गेली तर ते खुशाल २० टक्क्याचे १० कोटी घेऊ देत, तिथं कुणाची तक्रार नाही. भांडण असतं ते कंपनी बेताचीच चालली तर काय ह्याच्यावर, आणि आपल्याकडं कंपन्या बेताच्याच चालतात.

पोरानं ते पार्टिसिपेटिंग काढा म्हणून मेल केला. बघू म्हणाले. मग फोन कमी झाले, मग बंद. दोन महिने घरात सुतक असल्यासारखं होतं, आणि काही नातेवाईकांनी मलाच धरलं, काकानं पोराचं नुकसान केलं म्हणून.

पण खरी गोष्ट अशी की तो फंड आणि आमचं पोरगं ह्यांची सोयरीक जुळणारीच नव्हती. का ते पण पुस्तकातूनच कळलं. हे फंडवाले स्वतःचे पैसे थोडेच लावतात, दुसऱ्यांचे गोळा करतात, साधारण १० वर्षाच्या मुदतीवर. १०० कोटीचा फंड असेल तर वर्षाला २ टक्के म्हणजे २ कोटी ऑफिस आणि पगाराला, आणि शेवटी जो फायदा होईल त्यातला २० टक्के त्यांचा. लावलेल्या पैशातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, एखाददुसरी पन्नासपट झाली की बाकीच्यांचं भरून निघतं. म्हणून ते प्रत्येकाला एकच विचारतात, तू पन्नासपट होशील का. वर्षाला ३ कोटीची उलाढाल, १५ टक्के सुटतात, २० माणसांचे पगार निघतात, असला धंदा आमच्यात पोरीचं लग्न ठरवायला पुरेसा आहे पण त्यांच्या काहीच कामाचा नाही. चूक कुणाचीच नाही. ते लॉटरीचं बुक घेऊन बसलेत आणि आपण भिशी लावणारी माणसं. आमच्या धंद्यात १० वर्षात फर्नेसचं लोन कसंबसं फिटतं, आणि त्यांना तेवढ्यात कंपनी उभी करून, विकून, हिशोब मिटवून घरी जायचं असतं.

बेळगावात स्टार्टअपची सभा झाली की पहिलं वाक्य ठरलेलं, इथं भांडवल नाही. फेल्डच्या दुसऱ्या पुस्तकात गावोगावच्या नेहमीच्या दुखण्यांचं एक प्रकरण आहे आणि त्यात भांडवल नाही म्हणून रडत बसणं हे एक दुखणं म्हणून चक्क मांडलंय, आणि ते लिहिणारा कोण तर स्वतः भांडवलवाला. त्याचं म्हणणं असं की गावाचं पुढारपण धंदा करणाऱ्यांनीच केलं पाहिजे, बाकी सगळे, म्हणजे सरकार, युनिव्हर्सिटी, मोठ्या कंपन्या, वकील आणि पैसे लावणारे सुद्धा, हे पुरवठादार. स्वतःला पण त्यानं त्या दुसऱ्या रांगेत बसवलंय. दुसरं, निदान २० वर्षांचा विचार ठेवून कामाला लागायचं. तिसरं, जो येईल त्याला आत घ्यायचं. आणि चौथं, नुसते सत्कार आणि बक्षीस समारंभ नकोत, नवशिक्यापासून मुरलेल्यापर्यंत सगळ्यांचा हात लागेल असली कामं पाहिजेत.

मागच्या वर्षी मी असल्या एका मेळाव्याला गेलो होतो, हॉटेलच्या हॉलमध्ये. साडेदहाची वेळ, सुरू झालं पावणेबाराला कारण पाहुण्यांची गाडी यायची होती. दीपप्रज्वलन, रोपट्याला पाणी, शाल, श्रीफळ, फेटे. स्टेजवर सगळे पुरवठादार! धंदा करणारा एक पण नाही. पोरांना आपापली आयडिया सांगायला प्रत्येकी ३ मिनिटं दिलेली आणि ती पण नेमकी जेवणाच्या टायमाला, एक पोरगा स्क्रीनवर काहीतरी समजावून सांगतोय आणि मागं ताटांचा आवाज. मी पण ताट घेऊनच उभा होतो, खोटं कशाला सांगू. बासुंदी चांगली होती.

सरकार काहीच करत नाही असं नाही हां. कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट योजनेत निवड झाली तर ५० लाखापर्यंत ग्रँट मिळते, हिस्सा न मागता, बंगळूरच्या बाहेर काहीतरी व्हावं म्हणून बियाँड बेंगळूरु काढलंय. हुबळीत देशपांड्यांनी, म्हणजे अमेरिकेत सिकॅमोर नेटवर्क्स उभी करणाऱ्या गुरुराज देशपांड्यांनी, मोठं सेंटर उभं केलंय. इथं व्हीटीयू, इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी, १९९८ पासून आहे, गोगटे कॉलेज १९७९ पासून, केएलई तर १९१६ ची संस्था. पुरवठा भरपूर आहे की. रांगेत उभं राहून वाढणारे भरपूर, पण पंगत कुणी बसवायची?

त्याच प्रकरणात आणखी एक दुखणं सांगितलंय ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप बसलो. उगाच नकाशावरच्या सीमा आखून घेणं, आपलं शहर, त्यांचं शहर, हा तालुका, तो तालुका. बोल्डरच्या माणसाला सीमा म्हणजे काय ते काय ठाऊक, पण लिहिलंय बरोबर. आपला सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर मी इथं काही लिहीत नाही, त्याला तुमचं पहिलं पान आहे. मी धंद्यातली गोष्ट सांगतो. आमचा एक पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, उद्यमबागेत बनतो, कास्टिंग आमच्याकडं, मशीनिंग शिनोळीला म्हणजे चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात, आणि माल जातो कोल्हापूरला नाहीतर हुबळीला. एक व्हॉल्व्ह बॉडी आठवड्यात दोनदा राज्य बदलते, तिला कुणी काय विचारत नाही. मोल्डिंगला बिहारची पोरं, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बैलहोंगलकडची कन्नड माणसं, ऑफिसात खानापूरचा मराठी, आणि लाडल, म्हणजे रसाचं भांडं, घेऊन निघाले की सगळे एकच शब्द ओरडतात, सरक! पण पोरांची मीटिंग भरवायची म्हटली की आमंत्रणपत्रिका कुठल्या भाषेत इथंच दोन आठवडे जातात, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना बोलवावं हे कुणाच्या मनात पण येत नाही, ११० किलोमीटरवर असून. इथल्या मराठी पोरांना वाटतं कन्नड येत नाही म्हणून बंगळूरच्या योजनेत आपलं काय, आणि पुणे म्हणतं तुम्ही कर्नाटकातले. मधल्या मध्ये आमची गत वेशीवरच्या मारुतीसारखी, दोन्हीकडनं नमस्कार आणि नैवेद्य कुणाकडूनच नाही.

किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय बेळगावात उद्योगावरचं भाषण संपत नाही, तर मी पण घेतो, पण जरा वेगळ्या कारणानं. १८८८ मध्ये लक्ष्मणरावांनी इथं सायकलचं दुकान काढलं हे सगळे सांगतात, त्यांच्या नावाचा रोड पण आहे. मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. पुढचं कुणी सांगत नाही. गाव वाढवायला जागा पाहिजे म्हणून म्युनिसिपालटीनं त्यांना कारखाना हलवायला लावला, आणि मदतीला आले औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे दुसऱ्या संस्थानचे राजे. त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला, पैशाची मदत केली, आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी झाली. राजेसाहेबांनी लिक्विडेशन प्रेफरन्स घातला होता का माहीत नाही! पण तू ब्रिटिश मुलखातला, मी संस्थानातला, असला हिशोब त्यांनी केला नाही आणि आम्ही एवढा मोठा कारखाना घालवून आज रोडच्या नावावर समाधान मानतोय.

आता माझ्या स्वतःच्या चुकीवर येतो, ज्याच्यासाठी खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं.

पुतण्या जे बनवतो ते वाळूचं यंत्र आहे. आमच्या धंद्यात ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाईट, कोळशाची भुकटी आणि पाणी, आणि सगळं गणित पाण्यावर. ओलावा साडेतीन टक्क्याच्या आसपास पाहिजे, जास्त झाला तर ओतताना वाफ होऊन कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं, कमी झाला तर साचा भुरभुरतो आणि वाळू पडते. आमच्याकडं हे बघायची पद्धत म्हणजे मिस्त्री मिक्सरमधून मूठभर वाळू उचलतो, दाबतो, मधोमध मोडतो, कड कशी तुटली बघून सांगतो, पाणी घाल नाहीतर थांब. वडिलांच्या वेळेपासून तसंच. पोरानं मिक्सरला बसवायचा सेन्सर केला, ओलावा सारखा मोजून मोबाईलवर आकडा दाखवणारा, वीसेक हजारात बसणारा. आणि बंगळूरला जायच्या आधी, फंडबिंडाच्या आधी, तो पहिल्यांदा माझ्याकडं आला होता. काका तुमच्या एका मिक्सरला लावून बघू, पैसे नकोत. आणि मी काय म्हणालो? म्हणालो आमच्या मिस्त्रीचा हात हाच सेन्सर, तू आधी नोकरी बघ.

पुढं शिरोलीच्या एका कारखानदारानं लावून घेतला, कोल्हापूरला. ओळख ना पाळख. तीन महिने वापरला, चार चुका काढल्या, वाळूचा थर चिकटून आकडा चुकतोय म्हणून सांगितलं, पोरानं त्याला पुसणी बसवली, आणि मग त्या माणसानं रोख पैसे देऊन सहा घेतले. त्या सहाच्या बिलावर आज त्याची कंपनी उभी आहे, पुण्यामुंबईचा फंड नाही, बंगळूरचा नाही, शिरोलीचं बिल. आता माझ्याकडं पण दोन लागलेत, आणि पावसाळ्यातलं आमचं रिजेक्शन कमी झालंय, किती ते सांगत नाही, कस्टमर तुमचा पेपर वाचतात. मिस्त्री अजून मूठ दाबून बघतोच, मग मोबाईल बघतो, आणि दोन्ही जुळलं की माझ्याकडं बघून हसतो.

पुस्तकात ह्या दुखण्याला पण नाव आहे, गावातल्या जुन्या खोडांनी वाट अडवून बसणं. मी तेच खोड. मेळाव्यात भांडवल नाही म्हणून मान हलवणारे आम्ही सगळे, उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगरचे, आमच्यातल्या किती जणांनी गावातल्या पोराची पहिली ऑर्डर दिलीय? पोरांना २ कोटीची गरज नंतर, आधी गरज असते कुणीतरी आपला मिक्सर त्याच्या हातात द्यायची आणि खराब आहे रे हे असं तोंडावर सांगायची.

आणि हे आम्हाला येत नाही असं पण नाही, हीच तर चीड येते. मागं एकदा रात्री दीड वाजता आमच्या फर्नेसचा पाण्याचा पंप बसला, भट्टीत अर्धा टन रस, कॉईलला पाणी नाही. रस भट्टीत गोठला तर लायनिंग गेलं, कॉईल जळाली तर महिनाभर शटर खाली. शेजारचे अण्णा, कन्नड माणूस, आमचेच कॉम्पिटिटर, एकाच कस्टमरला दोघं माल देतो आणि रेटवरून वर्षातून दोनदा आमचं बोलणं बंद होतं. फोन केल्यावर बनियनवर आले, स्वतःच्या लाईनचा पंप सोडून दिला, त्यांची माणसं उठवली. बिल पाठवलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय काय आहे ते तपासायचं मशीन, बिघडलं तेव्हा महिनाभर त्यांची सँपलं आमच्याकडं मारली. फेल्ड ह्याला गिव्ह फर्स्ट म्हणतो, परत काय मिळणार हे न ठरवता आधी देऊन टाकायचं, आणि अमेरिकेत त्यावर भाषणं होतात. उद्यमबागेत त्याला शेजार म्हणतात. फक्त तो शेजार भट्टीवाल्यापुरताच राहिलाय, लॅपटॉप घेऊन येणाऱ्या पोराला आम्ही गेटवर रजिस्टरमध्ये सही करायला लावतो.

फेल्डचं सगळंच घेण्यासारखं आहे असं माझं म्हणणं नाही. बोल्डर लाखभर वस्तीचं गाव असलं तरी तिथं कोलोरॅडो युनिव्हर्सिटी आहे, अमेरिकन सरकारच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, डेन्व्हर हाकेवर आहे, पैसेवाले हौसेनं राहायला येतात. आपल्याकडं पोरगा हुशार निघाला की आधी पुण्याचं तिकीट काढतात. आणि सॉफ्टवेअर कंपनी काढायला खुर्ची लागते, फाउंड्री काढायला वीज, जागा, पोल्यूशनचं सर्टिफिकेट आणि तोंडात साखर लागते. बरं, त्याच्या स्वतःच्या फाउंड्रीनं पण २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं की ह्यापुढं नवा फंड काढणार नाही, आहेत तेवढ्या कंपन्या सांभाळणार. आमच्यात पण असंच असतं, पोरं पुढं चालवणार नसली की म्हातारा नवी ऑर्डर घेत नाही, हातातली संपवतो.

एक गोष्ट मात्र त्याची मला मनापासून आवडली. त्याला डिप्रेशनचा त्रास होता, एकदा नव्हे बऱ्याचदा, आणि ते त्यानं लपवलं नाही, सगळं चांगलं चाललेलं असताना पण सकाळी उठवत नव्हतं हे स्वतः लिहून ठेवलं. मी कोविडनंतर एक शेड बंद केली, दोन वर्षं नीट झोप नव्हती, आणि घरात सांगितलं ॲसिडिटी आहे. असोसिएशनच्या जेवणाला जाऊन सगळ्यांना सांगत होतो ऑर्डरी भरपूर आहेत. बाकीचे पण तेच सांगत होते.

आता माझं काम. हा फेल्ड महिन्यातला एक दिवस कुणीही यावं म्हणून मोकळा ठेवायचा, प्रत्येकाला १५ मिनिटं. मला महिनाभर धीर धरवणार नाही म्हणून मी ह्या महिन्यापासून दर शनिवारी ४ ते ६ केबिन उघडी ठेवलीय. मराठी, कन्नड, हिंदी काहीही चालतं, इंग्रजी हळू बोला. पहिल्या शनिवारी तिघं आले. एक विमावाला, तो पंधरा मिनिटात उठला नाही. एक वडगावची मुलगी, वडिलांचे चार पॉवरलूम आहेत, ते एका मागाजवळ असताना दुसऱ्याचा धागा तुटून माग बंद पडला तर ह्या गोंगाटात कळत नाही, तिला दिवा लागेल असं काहीतरी करायचंय. मला मागातलं ओ की ठो कळत नाही पण सेन्सरवाला एक पोरगा माझ्या माहितीत आहे, ह्या वेळी नोकरी बघ म्हणालो नाही. तिसरा डिप्लोमाचा पोरगा, त्यानं आयडिया वगैरे काही सांगितली नाही, थेट विचारलं काका तुम्ही सगळ्यात जास्त तोटा किती खाल्लात. मी सांगितला. खरा आकडा, जो घरात पण माहीत नाही. तासभर बसला होता.

शेजारच्या अण्णांना विचारलंय, ते बुधवार बघतो म्हणालेत. आणखी पाचसहा जणांनी एकेक दिवस धरला तर आठवडा भरतो, तेवढं तुम्ही छापा, रिबनच्या फोटोएवढी जागा नको. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलाय, कुणी विचारलं तर द्या. फक्त पोरांना सांगा चप्पल घालून येऊ नका, शनिवारी आमची हीट असते, म्हणजे रस ओततो, बुटाशिवाय आत सोडत नाही.

आपला,
एक फाउंड्रीवाला,
उद्यमबाग, बेळगाव